कुठल्या क्लासला घालू?

दहावीचा निकाल लागला की आमच्या मोहल्ल्यात पेढ्यांबरोबर एक प्रश्न घरोघर फिरतो, कुठल्या क्लासला घालू? भवानी पेठ, नाना पेठ, कॅम्प, आता कोंढवा. जिथे जिथे आपली मुलं विज्ञान शाखेला जातात तिथे हाच प्रश्न. मला तो लोक हक्काने विचारतात, कारण मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. बाईंना सगळं ठाऊक असणार, असा समज. बाईंनी स्वतःच्या घरात काय केलं, ते मात्र फारसं कुणाला ठाऊक नाही. ते सांगावं म्हणून लिहिते आहे.

२०१५ साली थोरला दहावी झाला. मराठी माध्यम, ८९ टक्के. त्याला डॉक्टर करायचं हे आम्ही तो सहावीत असतानाच ठरवून टाकलं होतं. त्याला विचारल्याचं आठवत नाही. एका मोठ्या क्लासच्या कचेरीत गेलो. गार हवा, भिंतभर हसऱ्या मुलांचे फोटो. त्यात डोक्यावर ओढणी घेतलेली आपल्यातली एक मुलगी होती. तिच्याकडे बघूनच मी अर्धी भुलले. ही मुलगी इथे दोन वर्षं शिकली की नुसत्या शेवटच्या सराव परीक्षा देऊन गेली, हे विचारायचं सुचलं नाही. फी दोन लाखांच्या घरात. आजच भरली तर सवलत. मी सासूबाईंनी दिलेल्या पाटल्या मोडल्या. ह्यांनी टिंबर मार्केटातल्या मालकांकडून उचल घेतली.

तीन महिन्यांनी परीक्षा होऊन मुलांच्या तुकड्या पाडल्या. थोरला शेवटच्या तुकडीत गेला. नावाजलेले सर वरच्या तुकडीला. खालच्या तुकडीला दर दोन महिन्यांनी नवा माणूस. शंभरावर मुलं, सगळं इंग्रजीतून, भराभर. फोर्स म्हणजे आपलं बल, हे त्याच्या डोक्यात जुळेपर्यंत फळा पुसलेला असे. घरी त्याने काही सांगितलं नाही. पाटल्या मोडल्याचं त्याला माहीत होतं. बारावीच्या वर्षी तो रोज डबा घेऊन निघायचा आणि सारसबागेत बाकावर बसून परत यायचा. क्लासकडून एकदाही फोन आला नाही. फी तर आधीच पूर्ण भरलेली होती.

२०१७ च्या नीटचा निकाल लागला तेव्हा सगळं उघड झालं. ह्यांनी हात उगारला. थोरला एवढंच म्हणाला, "अम्मी, मेरेकू पूछनेकू शरम आती थी." मी वर्गात चाळीस मुलांना सांगते, शंका विचारा. माझ्या पोटच्या पोराला ती विचारायला जागा नव्हती.

२०२३ मध्ये धाकटी दहावी झाली आणि म्हणाली, मला नीट द्यायची आहे. नातेवाइकांचं म्हणणं ठरलेलं, मुलीवर कशाला एवढा खर्च? मला त्यांचा राग आला, पण खरं सांगते, माझ्याही तोंडून निघालं, "हिला क्लासच नको." एकदा पोळले होते. म्हणजे थोरल्याच्या अपयशाची किंमत मी धाकटीकडून वसूल करत होते. तेव्हा थोरलाच पुढे झाला. बी.एस्सी. करून तो नोकरीला लागला होता. म्हणाला, "मी घेऊन जातो तिला. विचारायचं काय, ते मला माहीत आहे."

तो तिला तीन ठिकाणी घेऊन गेला. सगळीकडे तेच तीन प्रश्न. सगळ्यात खालच्या तुकडीला कोण शिकवतं? शंका कुणाला आणि कधी विचारायची? मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतात का? दोन ठिकाणी उत्तरादाखल हसू आलं आणि पुढ्यात फॉर्म.

तिसरं ठिकाण फुलेवाड्याच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या, सतरंजी, पंधरा मुलं. सर फक्त पदार्थविज्ञान शिकवायचे, तेही मराठीतून समजावून इंग्रजीत लिहून देत. मी सोबत होते. सरांनी टक्के विचारले नाहीत. धाकटीला म्हणाले, "चेंडू सरळ वर फेकला. अगदी वरच्या टोकाला त्याचं त्वरण किती?" तिने लिहिलं, शून्य. सर चूक म्हणाले नाहीत. "शून्य का?" म्हणाले. "कारण तिथे तो थांबतो." "मग थांबलेला चेंडू खाली कशाला येतो?" धाकटी गप्प झाली, मग स्वतःशीच हसली आणि शून्य खोडून गुरुत्व त्वरण लिहिलं.

गल्लीत आल्यावर थोरला म्हणाला, "मी पण शून्यच लिहिलं होतं. का म्हणून कुणी विचारलं नाही." आमची निवड तिथेच झाली.

बाकीचं आम्ही जमवलं. नीटच्या १८० प्रश्नांत ९० जीवशास्त्राचे. त्यासाठी अप्पा बळवंत चौकातून एनसीईआरटीची जुनी पुस्तकं आणली. रसायनशास्त्राला शेजारची एम.एस्सी. झालेली मुलगी. सराव परीक्षांपुरते पैसे एका क्लासला भरले. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. म्हणून धाकटीने चुकांची वेगळी वही केली. राज्याच्या सीईटीत गुण वजा होत नाहीत, तिथे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हेही सरांनीच शिकवलं. मराठी निवडली की नीटची प्रश्नपत्रिका मराठी आणि इंग्रजी दोन्हींत मिळते. २०१८ पासून उर्दूचीही सोय आहे. पुष्कळ घरांत हे अजून माहीत नाही.

दुसऱ्या काही गोष्टी मला उशिरा कळल्या. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी २०१५ मध्ये 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' सुरू केलं आणि गरीब घरांतल्या मुलांना नीटसाठी मोफत शिकवलं. ज्या वर्षी मी पाटल्या मोडल्या, त्याच वर्षी, याच शहरात! जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी, गुणांची हमी देऊ नये, असं त्यांत आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जाहिरातींसाठीही नियम आले. यशस्वी मुलाचा फोटो लावायचा तर त्याने कोणता वर्ग किती काळ केला, ते सांगायला हवं. हे कागद हातात घेऊन कचेरीत जावं. निदान बोलणाऱ्याचा सूर तरी बदलतो.

४ मे २०२५ ला धाकटीने नीट दिली. त्या वर्षी पदार्थविज्ञान भल्याभल्यांना जड गेलं. तिला एम.बी.बी.एस. मिळालं नाही. सीईटीच्या गुणांवर बी. फार्मसीला प्रवेश मिळाला. लोक म्हणाले, मग त्या सरांचा उपयोग काय झाला? मी वाद घालत नाही. निकालाच्या दिवशी ती घरी आली, उत्तरतालिका पुढ्यात घेऊन बसली आणि कुठे काय चुकलं ते आम्हाला समजावून सांगू लागली. थोरला तिच्या शेजारी बसून ऐकत होता. आठ वर्षांपूर्वी याच खोलीत तो भिंतीकडे तोंड करून बसला होता.

अजूनही बायका विचारायला येतात. मी त्यांच्या मुलांना थोरल्याकडे पाठवते. तो कुठल्याच क्लासचं नाव आधी सांगत नाही. चहा पुढे करतो आणि विचारतो, "तुला काय येत नाही, ते सांग."