हजार पानांचा खाऊ

मुलांनो, खारी चहात बुडवण्याआधी कधी तिचे पदर मोजलेत का? मी तरी नव्हते मोजले. पण आमच्या चौथीतल्या एका मुलामुळे मला पदर मोजावे लागले. खारीचे नव्हे, तिच्या फ्रान्समधल्या एका ऐटबाज बहिणीचे!

या बहिणीचं नाव फ्रेंच लोक 'मिल-फय' असं काहीसं उच्चारतात. (लिहितात भलतंच लांबलचक. जसं लिहिलंय तसं वाचायला गेलात तर फजिती ठरलेली!) 'मिल' म्हणजे हजार आणि 'फय' म्हणजे पान. गंमत बघा, आपलं पान झाडालाही असतं आणि वहीलाही. फ्रेंचांचं अगदी तस्संच! बारीक कातरलेल्या पानांची एक रानवनस्पती आहे, तिलाही ते हेच नाव देतात. खाऊचं हे नाव 1733 साली छापलेल्या एका पाककृतींच्या पुस्तकात सापडतं. लिहिणारा आचारी फ्रेंच, व्हँसाँ ला शापेल, पण पुस्तक इंग्रजीतलं! तेव्हा त्यात मुरांबा भरत. आता कुरकुरीत पापुद्र्यांच्या तीन वड्या एकावर एक ठेवतात आणि मधे घट्ट कस्टर्ड भरतात. काही देशांत याला 'नेपोलियन' म्हणतात, पण ती गोष्ट पुन्हा कधीतरी.

तर एकदा वर्गात मी सांगत होते, ''आई म्हणते ना, हजारदा सांगितलं तुला? ती काही मोजत नसते. शतपावली घालतानाही कुणी शंभर पावलं मोजत नाही. तसंच या खाऊचं. हजार म्हणजे नुसतं पुष्कळ.''

मागच्या बाकावरून आवाज आला, ''बाई, पण कुणी मोजलंय का?''

मला तास संपवायची घाई होती. मी म्हटलं, ''जा, तूच मोजून ये फ्रान्सला!'' वर्ग खो खो हसला. तो खाली बसला. नंतरचे दोन दिवस त्याने हात वर केला नाही. एरवी त्याचा हात खाली नसतो.

तिसऱ्या दिवशी मी पाककृतीचं पुस्तक उघडलं. मैद्याच्या पोळीत लोणी ठेवून ती लाटतात, तिची तिहेरी घडी घालतात, पुन्हा लाटतात, पुन्हा घडी. असं सहा वेळा. भट्टीत पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती पापुद्रे वर उचलते आणि लोणी त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. म्हणून तर पदर सुटतात!

दुसऱ्या दिवशी मी त्यालाच फळ्यापाशी बोलावलं. आधी वहीच्या कागदाची तिहेरी घडी घातली. 3, 9, 27... पुढे कागद काही ऐकेना. मग त्याने खडू घेतला. 81, 243, 729.

''हजार नाहीत, बाई,'' तो हळूच म्हणाला.

''वड्या किती सांगितल्या होत्या मी?''

त्याने 729ला 3ने गुणलं. 2187! मी वर्गाला सांगितलं, ''परवा मी न मोजताच बोलले. चुकलं माझं. आणि याला हसले, तेही चुकलं.'' वर्ग एकदम गप्प झाला.

तो मात्र फळ्याकडेच बघत होता. खडूचा हात चड्डीला पुसत म्हणाला, ''बाई, मग त्यांनी दोन हजार पानं असं नाव का नाही ठेवलं?''