कागदाचा झगा

ते चित्र तुम्ही पाहिलंय. रस्त्यावरनं पोरं पळत येतायत. मधे एक नागडी पोर, दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले, तोंड वासलेलं. मागं काळा धूर. पोरांच्या मागं सैनिक. ते पळत नाहीत, चालतायत. माझी नजर दरवेळी तिथंच ठेचाळते.

८ जून १९७२. दक्षिण व्हिएतनाममधलं त्रांगबांग गाव. पोर नऊ वर्षांची, नाव किम फुक. नापाम टाकणारं विमान दक्षिण व्हिएतनामच्याच हवाई दलाचं, म्हणजे तिच्याच सरकारचं. पाठबळ अमेरिकेचं. नापाम अंगाला चिकटतं आणि चिकटून जळतं. कपडे पेटले, ते अंगावरनं गेले. म्हणून ती नागडी.

त्याच साली मुंबईत पँथर उभी राहिली आणि महाराष्ट्रभर दुष्काळ पडला. मी तेव्हाच्या औरंगाबादला वसतिगृहात शिकत होतो, डोक्यात नुसता जाळ. एका जुन्या इंग्रजी साप्ताहिकात हे चित्र सापडलं. कापलं, वहीत घातलं आणि ६ डिसेंबरला गावी, नगरकडं आलो. आमचं विहार म्हणजे चार मातीच्या भिंती नि वर पत्रा. बाबासाहेबांच्या फोटोखाली चित्र डकवायचं आणि भाषण ठोकायचं, असा बेत.

खळीसाठी आयकडं मूठभर पीठ मागितलं. ती दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून आलेली.

"खायला न्हाई आन् भिताडाला चारतूस व्हय?" म्हणाली. पण दिलं.

पीठ मिलोचं. ती लाल ज्वारी आलेली अमेरिकेतनं. म्हणजे अमेरिकेच्या खळीनं मी अमेरिकेचं पाप भिंतीला चिकटवत होतो. हे तेव्हा ध्यानात आलं नाही, फार उशिरा आलं.

भाषण दणक्यात झालं. साम्राज्यवाद, भांडवलशाही, व्हिएतनामी जनतेचा लढा, सगळं त्यात आलं. पोरीचं नाव आलं नाही. मला ते ठाऊकच नव्हतं, आणि शोधावं असंही वाटलं नव्हतं.

सकाळी बघतो तर पोरीच्या अंगावर झगा. वहीच्या कागदाचा, हातानंच फाडलेला, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत. उरलेल्या खळीनं चिकटवलेला.

मी भडकलो. "आये, काय केलंस हे? चित्राची सगळी धार घालवलीस!"

आय भाकर थापत होती. वर न बघता म्हणाली, "धार तुला पायजे. ती पोर कुनाची हाय? मोठी झाल्यावं बघंल तवा?"

"ती काय जगतीय? मेली आसंल."

"आन् न्हाई मेली तर?"

नाही मेली. चौदा महिने दवाखान्यात, सतरा ऑपरेशनं. मोठी झाल्यावर तिच्या देशाच्या सरकारनं तिला परदेशी पत्रकारांपुढं बसवायला सुरुवात केली. त्यापायी तिचं शिक्षण तुटलं. १९९२ साली तिनं कॅनडात आसरा घेतला. त्या चित्राची आपल्याला लाज वाटायची, राग यायचा, असं का टिपलं आपल्याला, असं तिनं पुढं स्वतः सांगितलंय. त्या चित्राचं जगावरचं ऋणही ती मानते. दोन्ही तिचंच म्हणणं. आपण सोयीचं तेवढं उचलतो.

आयचा सवाल सायगावच्या वृत्तसंस्थेच्या कचेरीतही निघाला होता, पण निराळ्या तोंडानं. नागडं चित्र पाठवावं की नाही, नियमात बसतं का. शेवटी पाठवलं, आणि पाठवलं ते बरंच झालं, असं मी आजही म्हणतो. पण तिथंही पोरीचं पुढं काय, हा मुद्दा नव्हता.

आता तर चित्र काढलं कुणी, यावरच भांडण आहे. त्यावर नाव निक उटचं, १९७३चं पुलित्झरही त्याचंच. त्यानंच पोरीला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. २०२५ साली एका माहितीपटानं दावा केला, की चित्र न्युएन थान न्घे या नोकरीत नसलेल्या, सुटं काम करणाऱ्या माणसाचं. उट ते साफ नाकारतो. वृत्तसंस्थेनं त्याचं नाव ठेवलं, वर्ल्ड प्रेस फोटोनं श्रेय स्थगित केलं. राबणारा एक नि नाव दुसऱ्याचं, हे आपल्या कानाला नवं नाही. म्हणून मी लगेच विश्वास ठेवायला निघालो होतो. मग थांबलो. आपल्या कानाला ओळखीचं वाटतं म्हणून ते खरं ठरत नाही.

दोस्तहो, हे सगळं परवाच्या एका गोष्टीमुळं वर आलं. आपल्यातल्या एका पोरानं माझ्या मोबाइलवर फोटो धाडले. एका वस्तीतली बाई, मारहाणीनंतरची. लुगडं फाटलेलं. "दादा, सगळीकडं टाकतो. त्याबिगर कुनी हालत न्हाई." त्याचं खोटं नव्हतं. त्रांगबांगचंही तेच झालं होतं.

मी विचारलं, "बाईला इचारलंस?"

तो गप्प.

दुसऱ्या दिवशी दोघं गेलो. बाई खाटेवर बसलेली, एक डोळा सुजून मिटलेला. त्यानं भीत भीत मोबाइल पुढं केला. तिनं तो जवळ घेऊन कितीतरी वेळ पाहिला. मग म्हणाली, "त्वांड दिसू द्या. नावबी टाका, पुरं टाका. म्या काय चोरी केली न्हाई."

आणि काचेवर बोट ठेवून दाखवलं, "हे मातर झाका. हितनं हितपातूर."