उद्या सकाळी साडेदहाच्या आत

गेल्या महिन्यात ग्रंथालयातून फोन आला. ज्या महाविद्यालयात मी शिकलो आणि पुढे अठ्ठावीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, तिथलाच. पलीकडून तरुण ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "सर, रिझर्व्हचं कपाट काढतोय. त्यात तुमच्या नावाची काही पुस्तकं आहेत. घेऊन जाता का?"

मी हो म्हटलं आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. घरातलं कुणी म्हातारं माणूस पूर्वीच गेलेलं असावं आणि आपल्याला आज कळावं, तसं वाटलं.

आजच्या मुलांना हे कपाट काय होतं ते सांगायला हवं. आमच्या वर्गात ऐंशी मुलं आणि अभ्यासाच्या महत्त्वाच्या पुस्तकाच्या प्रती चार. ती नेहमीसारखी आठवड्याच्या होम इश्यूवर दिली, तर ऐंशीव्या मुलाची पाळी यायला पाच महिने लागणार. म्हणून सत्र सुरू होतानाच शिक्षक यादी देत आणि ग्रंथपाल ती पुस्तकं मांडणीवरून काढून काउंटरमागच्या कपाटात ठेवत. त्यांच्या पाठीवर लाल कागदाची पट्टी डकवलेली असे. दिवसभर ती वाचनकक्षात दोन-दोन तासांसाठी मिळत आणि संध्याकाळी पाचनंतर एका रात्रीसाठी घरी नेता येत. परत करायची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या आत. चार प्रती, ऐंशी मुलं, वीस रात्री. महिना संपायच्या आत पुस्तक सगळ्यांच्या हातून फिरून आलेलं असे.

ही पद्धत आपण शोधलेली नाही. १८७७ साली जस्टिन विन्सर हार्वर्डचे ग्रंथपाल झाले आणि त्यांच्या काळात शिक्षकांच्या सांगण्यावरून पुस्तकं अशी बाजूला काढून ठेवण्याची रीत तिथे रुळली. पण जिथे एकेक प्रत घ्यायला दहादा विचार करावा लागे, अशा आपल्याकडे तिचं मोल वेगळंच होतं. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे, हा त्यातला दुसरा आणि वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हा चौथा. पैसा अपुरा असताना हे दोन्ही सिद्धांत एकाच वेळी पाळायचे, तर या कपाटाशिवाय दुसरा मार्ग नव्हता.

पुस्तक मिळवणं हीसुद्धा एक विद्याच होती. दारातून आत शिरलं की तालिकेचं लाकडी कपाट. त्याच्या लहान लहान खणांत साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरची कार्डं, तळाच्या भोकांतून पितळी सळई ओवलेली. लेखकाच्या नावानं शोधा, पुस्तकाच्या नावानं शोधा किंवा विषयानं शोधा. भारताची आर्थिक स्थिती म्हणजे ३३०.९५४, हा आकडा मला स्वतःच्या रोल नंबरच्या आधी पाठ झाला. कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं 'रा' लिहिलेलं दिसलं की समजायचं, हे राखीव आहे, मांडणीकडे जाऊ नका. मग चिठ्ठी लिहून काउंटरवर द्यायची.

काउंटरवरचे काका चिठ्ठीवरचा आकडा क्वचितच पाहत. त्यांना पुस्तकं पाठीवरूनच ओळखू येत. गाडगीळांचं म्हटलं की त्यांचा हात थेट वरच्या फळीवर जाई. धनंजयराव गाडगीळांचा भारतीय उद्योगांच्या वाटचालीवरचा ग्रंथ १९२४ साली निघाला. त्यांचं शालेय शिक्षण नागपुरातलं, म्हणून आम्हा नागपूरकरांना त्या पुस्तकाबद्दल उगाच घरचं वाटे. काका ते हातात देताना न चुकता म्हणत, "जपून ने रे बाबू. उद्या दुसऱ्याले लागते."

त्या एका वाक्यात कपाटाचा सगळा कायदा आला होता.

एका रात्रीसाठी मिळालेलं पुस्तक कसं वाचलं जातं, हे अनुभवलेल्यालाच कळेल. वसतिगृहाच्या एका खोलीत आम्ही चौघे बसायचो. एक जण मोठ्यानं वाचायचा, बाकीचे टिपणं काढायचे, तासाभरानं वाचणारा बदलायचा. पुस्तक उशाशी ठेवून झोपायची सोयच नव्हती. एप्रिलमध्ये खोलीत बसवत नसे, म्हणून आम्ही दिवसा वाचनकक्षात दोन तासांचं पुस्तक घेऊन कूलरसमोर बसायचो. ओल्या वाळ्याचा वास आला की मला आजही परीक्षा आठवते. आमच्यातल्या कितीतरी मुलांच्या घरी तेव्हा कूलर नव्हता. तो थंडावाही ग्रंथालयानंच दिला.

आमच्याबरोबर उमरेडचा एक मुलगा होता. इतवारीहून सुटणाऱ्या नॅरोगेजच्या गाडीनं तो रोज ये-जा करी. घरी पोहोचायला रात्र होई आणि पहाटे पुन्हा निघायचं. एका रात्रीचं पुस्तक त्याच्या काय कामाचं? आमच्या ग्रंथपाल सरांनी ते स्वतःहून हेरलं आणि गावाहून येणाऱ्यांना शनिवारी संध्याकाळी पुस्तक देऊन सोमवारी सकाळी परत घ्यायला सुरुवात केली. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, त्यावर कुणाची सही नव्हती. आम्ही शहरातली मुलंही शनिवारी त्या प्रती मागत नसू. कुणी बजावलं नव्हतं, तरी सगळ्यांना ते ठाऊक होतं.

एकदा मी उशीर केला. सायकल वाटेत पंक्चर झाली हे खरं, पण घरातूनच मी उशिरा निघालो होतो, हे त्याहून खरं. पोहोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. माझ्यानंतर पाळी असलेली मुलगी काउंटरजवळच्या बाकावर वही उघडून बसली होती. साडेदहापासून. तिचा पाऊण तास बुडाला होता. ती काही बोलली नाही. पुस्तक घेतलं, वहीत सही केली आणि वाचायला बसली. मी तासाला चार आणे दराचा दंड भरला, पण त्या बाकाचा दंड मी आजवर भरतोच आहे. पुढे शिक्षक झाल्यावर प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या आठवड्यात मी ही गोष्ट सांगत आलो.

शिक्षक झाल्यावर कपाटाची दुसरी बाजू दिसली. पुस्तक शोधण्यापेक्षा ठेवणं अवघड. जूनमध्ये यादी करायला बसलं की चाळीस नावं सुचत. कपाटात माझ्या वाट्याला जागा असे सहाची. कोणती चौतीस गाळायची, हे ठरवताना आपण या विषयात नेमकं काय शिकवतो ते स्वतःलाच विचारावं लागे. प्रत्येक पुस्तकात मी चिठ्ठी ठेवत असे, कोणतं प्रकरण आधी वाचावं आणि का. दांडेकर आणि रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा १९७१ सालचा अभ्यास ग्रंथालयात नव्हता, तेव्हा मी माझी स्वतःची प्रत कपाटात ठेवली.

सत्राच्या शेवटी मी रिझर्व्हची वही चाळत असे. त्यात तारीख, वेळ, रोल नंबर, सही. माझ्या शिकवण्याचा तो सर्वांत खरा निकाल होता. एखाद्या पुस्तकासमोर सत्रभर एकही सही नसली, तर दोष मुलांचा मानायचा नाही, हे मी हळूहळू शिकलो. एक तर ते पुस्तक मी चुकीचं निवडलेलं असे किंवा ते का वाचायचं हे वर्गात नीट सांगितलेलं नसे. पुढच्या जूनमध्ये ते नाव यादीतून काढायचं किंवा स्वतः सुधारायचं.

हे कपाट कुणी बंद पाडलं नाही. ते एकेका चांगल्या गोष्टीनं मागे पडत गेलं. आधी फाटकासमोर झेरॉक्सची दुकानं आली. दोन तासांचं पुस्तक दहा मिनिटांत परत येऊ लागलं, काचेवर दाबून दाबून पाठ उसवलेलं. मोठ्या प्रकाशकांनी २०१२ साली दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानाविरुद्ध दावा लावला आणि २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं शिकवण्यासाठी केलेल्या अशा प्रतींच्या बाजूनं कौल दिला. मला त्या निकालाचा आनंद झाला होता. मग संगणक आले. आपल्या नागपुरातच घडलेली लिब-मॅन प्रणाली, कुठे सोल, कुठे कोहा. तालिकेची कार्डं रद्दीत गेली, पुस्तकांवर बारकोड आले. २०१० पासून एन-लिस्ट या योजनेमुळे साध्या महाविद्यालयातल्या मुलालाही हजारो नियतकालिकं घरबसल्या उघडता येऊ लागली. मार्च २०२० मध्ये ग्रंथालयांना कुलपं लागली. ती उघडल्यावर लाल पट्टीची पुस्तकं मागायला कुणी आलं नाही.

मी याचं दुःख करतो, पण काळ उलटा फिरावा असं मला वाटत नाही. आज ती मुलगी बाकावर बसून राहिली नसती. उमरेडच्या मुलाला शनिवारची वाट पाहावी लागली नसती. ऐंशी मुलांना एकाच क्षणी एकच प्रकरण मिळावं, हे आमच्या ग्रंथपाल सरांचं स्वप्न होतं आणि ते पुरं झालं आहे. श्रद्धांजली वाहताना हे आधी म्हटलं पाहिजे.

तरी काही गोष्टी त्या कपाटाबरोबर गेल्या. वर्गाच्या ग्रुपवर आम्ही शिक्षक आता चाळीसच्या चाळीस पीडीएफ पाठवतो आणि निवडण्याचं आपलं काम मुलांवर ढकलतो. परत करायची नसलेली फाइल उद्या वाचू म्हणून राहते आणि तो उद्या परीक्षेच्या आदल्या रात्री उजाडतो. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, आपण वाचत असताना कुणीतरी आपल्यासाठी थांबलेलं आहे, ही जाणीव गेली. माझं वाचन लवकर आणि मनापासून झालं, तर दुसऱ्याला ते वेळेवर मिळेल, हे आम्हाला नागरिकशास्त्राच्या पुस्तकानं शिकवलं नाही. काकांच्या वाक्यानं शिकवलं.

पुस्तकं आणायला गेलो, तेव्हा कपाट रिकामं होत आलं होतं. मॅडमनी माझी दांडेकर-रथांची प्रत टेबलावर ठेवली. लाल पट्टी उन्हानं फिकी पडून गुलाबी झाली होती. चाळताना उष्मांकाच्या हिशेबाच्या पानावर थांबलो. माणशी रोज २२५० उष्मांक हा निकष धरून दारिद्र्य मोजलं आहे, तिथे समासात पेन्सिलीनं कुणीतरी विचारलं होतं, 'शेतमजुराला एवढे पुरतात?' त्याखाली दुसऱ्या अक्षरात उत्तर होतं, 'उन्हाळ्यात कामावर जाऊन बघ.' आणि त्याच्याही खाली तिसऱ्या, बारीक अक्षरात, 'बाईला किती धरले?'

ही तिघं बहुधा एकमेकांना कधी भेटलीच नसतील. त्यांच्या रात्री वेगळ्या, कदाचित वर्षंही वेगळी. तरी त्यांचा वर्ग त्या पानावर भरला होता आणि मला, त्यांच्या शिक्षकाला, त्याचा पत्ता नव्हता.

तिसऱ्या प्रश्नाखालची जागा अजून रिकामी आहे. मी मॅडमना म्हटलं, हे पुस्तक घरी नेत नाही. खुल्या मांडणीवर ३३०.९५४ ला ठेवा, पट्टी तशीच राहू द्या.