एक तरी भाषा

आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक. घरात कोकणी बोलतो, वर्गात उर्दूतून शिकवतो, सरकारी परिपत्रकं मराठीत वाचतो आणि मनातलं काही लिहायचं झालं की मराठीतच लिहितो. तरी 'तुमची भाषा कोणती?' हा प्रश्न काही आमची पाठ सोडत नाही. म्हणून नागरिकत्वासाठी भाषेची अट असते, हे वाचताना आमचे कान जरा जास्तच टवकारतात.

आमच्या कोकणातल्या मुस्लिम घरांना विलायत नवी नाही. बोटीवर खलाशी म्हणून गेलेल्यांपैकी काही तिथंच राहिले. 1948 च्या ब्रिटिश कायद्यानुसार कॉमनवेल्थमधल्या माणसाला वर्षभराच्या वास्तव्यानंतर नोंदणी करून नागरिक होता येई. इंग्रजीची परीक्षा नव्हती. 1981 च्या कायद्यानं इंग्रजी, वेल्श किंवा स्कॉटिश गेलिक यांपैकी एक भाषा येण्याची अट घातली. पण ब्रिटिश नागरिकाच्या बायकोला किंवा नवऱ्याला तीतून सूट होती. 2002 च्या कायद्यानं तीही गेली. नोव्हेंबर 2005 पासून 'लाइफ इन द यूके' ही परीक्षा आली: 24 प्रश्न, 45 मिनिटं, 18 उत्तरं बरोबर हवीत. 2013 साली तिच्या जोडीला बी-1 पातळीच्या इंग्रजीची अट आली.

आमच्या शाळेतून दहावी झालेली एक मुलगी लग्न होऊन तिकडे गेली. परीक्षेच्या तयारीत असताना तिचा फोन आला. आठव्या हेन्रीच्या सहा बायका तिच्या लक्षात राहत नव्हत्या. आम्ही हसलो, पण तिची अडचण खरी होती. बी-1 मध्ये फक्त बोलणं आणि ऐकणं तपासतात. तेवढं इंग्रजी ती दुकानात उभी राहून शिकली होती. पण दुसऱ्या परीक्षेतले प्रश्न संगणकावर वाचायचे. म्हणजे कायदा वाचनाची अट थेट घालत नाही, तरी वाचता न येणारी बाई तिथं अडकतेच. पासष्टी ओलांडलेल्या तिच्या सासूला मात्र सूट.

तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. आधी तिला इंग्रजीच्या क्लासला कुणी जाऊ देत नव्हतं. परीक्षा सक्तीची आहे म्हटल्यावर घरच्यांनीच नाव घातलं. आता दवाखान्यात डॉक्टरांशी बोलायला तिला नवरा सोबत लागत नाही. म्हणून या अटीला सरसकट जुलूम म्हणायला आमची जीभ रेटत नाही. पण जिला क्लासच परवडत नाही, किंवा लहानपणी शाळाच मिळाली नाही, तिला हीच अट दाराबाहेर ठेवते.

आपल्या देशाची अट काय? 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत ती आहे. देशीयकरणानं भारताचा नागरिक होऊ पाहणाऱ्या परदेशी माणसाला संविधानाच्या आठव्या अनुसूचीतली कोणतीही एक भाषा पुरेशी यायला हवी. या अनुसूचीत 22 भाषा आहेत. मराठी आहे, उर्दू आहे. 1992 पासून कोकणीही आहे. इंग्रजी नाही! नववीच्या वर्गात हे सांगितलं तेव्हा मुलांना खरं वाटेना. ज्या उर्दूमुळे त्यांना बाहेर कुणी परकं म्हणतं, तीच एक भाषा येणारा परदेशी माणूसही भाषेची ही अट पुरी करतो.

'हीच भाषा' आणि 'यांपैकी एक तरी' यांत फार अंतर आहे. आम्हाला दुसरी रीत आपली वाटते. मात्र तिच्या आडोशानं आमच्या शाळांतला मराठीचा तास हलक्यात घेतला जाऊ नये. उर्दूवर नागरिकत्व मिळेलही. पण तलाठ्याकडे सातबारा मागायला, बँकेत स्वतःचं खातं उघडायला आमच्या मुलींना मराठी लागते. परक्या देशात जाणाऱ्या मुली मोजक्याच. बाकीच्यांना इथंच, स्वतःच्या तालुक्यात, कुणाला सोबत न घेता आपलं काम करून घेता यायला हवं. त्याची तयारी आमच्याच वर्गात व्हायची आहे.