पाकळीवरचं नाव

छंद हा शब्द आपण मोठ्या गोडीनं उच्चारतो. पण छंदिष्ट माणसाच्या घरी जाऊन विचारा, तिथं त्याला निराळंच नाव असतं. कुणी नाद म्हणतं, कुणी खूळ, आणि दिवाळीआधीच्या झाडलोटीत तर सरळ 'पसारा' म्हणतात. आमचे ड्रॉइंगमास्तर या तिन्ही पदव्या हसतमुखानं मिरवीत असत. साताऱ्याच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं मुलांना फुलदाण्या काढायला शिकवलं, आणि घरी येऊन स्वतः कागदाचे किल्ले बांधले. गेल्या श्रावणात ते गेले.

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करण्याची आपली रीत आहे. पण ज्याला अंगणच नाही, त्या पोरानं काय करावं? मास्तरांचा सारा उद्योग या एका प्रश्नातून निघाला. जाड कागदावर ते बुरूज, तट, दरवाजे आणि मावळे उलगडून काढीत. कापावं, घडी घालावी, खळीनं चिकटवावं, की खिडकीच्या कट्ट्यावर किल्ला उभा! मावळा ४ सेंटिमीटरचा, म्हणजे माणसाचा चाळिसावा हिस्सा; तेव्हा १० मीटरचा बुरूज २५ सेंटिमीटरचाच हवा. या हिशेबात ते कुणाची गय करीत नसत. खाली रुंद आणि वर निमुळता असा बुरूज उलगडला, तर त्याची सरळ पट्टी होत नाही, फुटक्या बांगडीसारखी कमान होते, हे मला त्यांच्या ओसरीवर कळलं. भूमितीच्या पुस्तकातही ते होतंच. पण पुस्तकातला शंकू कधी ढासळत नाही, मास्तरांचा ढासळे. मग ते चष्मा पुसून नव्यानं आखणी करीत.

हे खूळ त्यांच्या एकट्याचं होतं असं मात्र नाही. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात अठराव्या शतकापासून लोक कागदाचे शिपाई रंगवीत आणि कापीत आले. तिथल्या इतिहास-संग्रहालयात ते आजही पाहायला मिळतात. लंडनच्या दुकानांत कागदी नाटकगृहांचे ताव मिळत, बिनरंगी एक पेनीला आणि रंगीत दोन पेन्यांना. त्यांच्यावर स्टीव्हन्सननं १८८४ मध्ये निबंध लिहिला. त्याचा ओढा बिनरंगी तावांकडे. रंग आपल्या हातानं भरण्यातच खरी मौज, असं त्याचं मत. पुढं महायुद्धात, १९४१ साली, जेफ्री हेवे नावाच्या इंग्रज गृहस्थानं पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर इमारतींचे आणि आगगाड्यांचे नमुने छापायला सुरुवात केली. या साऱ्यांविषयी मास्तर असे बोलत, की जणू ती मंडळी पलीकडच्या आळीतच राहतात.

आमच्या इकडची आळी मात्र लहान होती. रेल्वेतले एक निवृत्त गार्ड, एक शिंपी, एक दातांचे डॉक्टर, कॉलेजातली एक मुलगी, असे आठ जण. कुणी मिरजेला, कुणी नाशकाला. मास्तर नवा ताव काढला की त्याच्या नकला पोष्टानं सगळ्यांना पाठवीत. बदल्यात त्यांना एकच गोष्ट हवी असे: कुठं चुकलं ते कळवा. "फार सुंदर" एवढंच लिहिलेलं पत्र आलं की ते खट्टू होत. "म्हणजे यानं कापून पाहिलंच नाही," असं म्हणत.

मास्तर गेल्यावर एका रविवारी आम्ही आठही जण त्यांच्या घरी जमलो. दोन पत्र्याच्या ट्रंका भरून ताव निघाले. सर्वांत वर रायगडाचा नगारखाना होता. दर्शनी कमान पुरी झालेली, मागची बाजू कोरी. आता या कागदांचं करायचं काय? गार्डसाहेबांचं म्हणणं, शाळेत काचेचं कपाट करून त्यात ठेवावेत. कात्री लागली की कागद संपला. ते खोटं नव्हतं. न कापलेला ताव शंभर वर्षं टिकतो. कापलेला एका दिवाळीत दवानं मऊ पडून कार्तिकात केराच्या टोपलीत जातो. पण शिंपीदादांनी मान हलवली. "साहेब, बेतलेलं कापड शिवायचं असतं. घडी करून ठेवलं तर कसर खाते."

आणि ती कॉलेजातली मुलगी म्हणाली, "नगारखाना आपण पुरा करू, अन् कमानीवर सरांचं नाव ठळक अक्षरांत घालू."

आम्हाला ते एकदम पटलं. इतकी वर्षं खपलेल्या माणसाचं नाव कुठं तरी दिसायला नको का? तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या काकू थांबल्या. "त्यांचं नाव आहे की त्याच्यावर," त्या म्हणाल्या, "नीट बघा."

आम्ही बघितलं. दोन भाग जोडण्यासाठी कडेला जी अरुंद पट्टी सोडतात, तिला मास्तर पाकळी म्हणत. प्रत्येक तावाच्या शेवटच्या पाकळीवर, मुंगीएवढ्या अक्षरांत, त्यांची सही होती. वर्षानुवर्षं आम्ही त्याच जागी खळ लावीत आलो होतो. ताव न कापता ठेवला, तर सही दिसत राहते. किल्ला पुरा झाला, की ती आत जाते.

मला रायगडावरची जगदीश्वराच्या देवळाची पायरी आठवली. गड बांधणाऱ्या हिरोजींचं नाव तिथं कोरलेलं आहे. कळसावर नाही, पायरीवर! मास्तरांनी दर साली मुलांना ती पायरी दाखवली होती. आपली पायरी मात्र त्यांनी कधी कुणाला दाखवली नाही.

मग फार वाद उरला नाही. मूळ ताव कडुनिंबाच्या पाल्यात घालून काकूंच्याच ट्रंकेत राहिले. जाड कागदावर त्यांच्या नकला निघाल्या, आणि कमान होती तशीच राहिली. नगारखान्याची मागची बाजू डॉक्टरांनी आखली. ती पहिल्या खेपेस दोन मिलिमीटर आखूड भरली, आणि शिंपीदादांनी तसं स्पष्ट कळवलं. त्या एका ओळीच्या पत्रानं मास्तर गेल्याची रुखरुख जेवढी हलकी झाली, तेवढी शोकसभेतल्या भाषणांनी झाली नव्हती.

या दिवाळीत नगारख्यान्याचे हे ताव शाळेतल्या मुलांना वाटले. मास्तर कोण हे त्यांतल्या धाकट्यांना ठाऊक नाही. खळीची बोटं पँटला पुशीत ती शेवटची पाकळी दाबून धरतात, मनात वीस अंक मोजतात, आणि हळूच हात काढतात. नगारखाना उभा राहतो.