लॅपटॉपच्या डब्यावर एक्स्पायरी डेट का नसते?

आमच्या घरचा लॅपटॉप गेला. म्हणजे दुकानदाराच्या मते गेला. तो चालू होतो, टायपिंग होतं, प्रिंट निघते. तरी गेला.

२०१६च्या दिवाळीत घेतला होता, ३२,५०० रुपयांत, रोख. आठवडाभरात नोटाबंदी झाली. "बरं झालं आधीच देऊन मोकळे झालो," असं बायको अजूनही म्हणते. आय ३, सहाव्या पिढीचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क. गुलाबी बोंडअळी, लॉकडाऊन, २०२३चं वर्ध्याचं साहित्य संमेलन, सगळ्या बातम्या आर्वीहून नागपूरच्या डेस्कला याच डबड्यातून गेल्या.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "वापर काय, घरगुतीच ना?" घरगुती म्हणजे साधा, हलका, फारसं काही नाही, असा त्याचा अर्थ. आमच्या घरचा घरगुती वापर सांगतो. सकाळी माझ्या बातम्या. दुपारी बायकोचा बचत गटाचा हिशेब. संध्याकाळी पोरीचे बारावीचे व्हिडिओ, सीईटीचे सराव पेपर. आणि अधेमधे गल्ली. महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबारा काढणे, बँकेचं स्टेटमेंट. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीच्या वेळी तर आमच्या ओसरीत बायांची रांग होती. मोबाइलवर होतं हे सगळं, पण ओटीपी एका मोबाइलवर आणि फॉर्म दुसऱ्या स्क्रीनवर असला की चुका कमी होतात, हे आता गल्लीला कळलंय. सरकारनं कारभार ऑनलाइन केला, त्याचं यंत्र मात्र ज्यानं त्यानं आपल्या खिशातून घ्यायचं.

तर लॅपटॉप "गेला" म्हणजे काय झालं? विंडोज १०ला मिळणारी मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. विंडोज ११ टाकायचं तर इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. आमचा सहाव्या पिढीचा. संपलं.

घाबरू नका, त्या तारखेनंतर मशीन बंद पडत नाही. विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत जादा अपडेट घेता येतात. आपल्या खात्याशी सेटिंगचा बॅकअप जोडला तर त्याचे पैसेही लागत नाहीत. ही गोष्ट मला एकाही दुकानात कुणी सांगितली नाही. पण ती वर्षभराची मुदतवाढ आहे, इलाज नाही.

मला अपडेटची काळजी का, तर या मशीनमध्ये फक्त माझं काही नाही. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणातले घरच्यांनी दिलेले कागद आहेत. दवाखान्याच्या तक्रारी आहेत. नाव छापू नका या बोलीवर लोकांनी दिलेली पत्रं आहेत. शिवाय गल्लीतल्या निम्म्या बायांची आधारची झेरॉक्स स्कॅन करून पडली आहे. असं मशीन उघडं ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या घराची किल्ली कुलपातच सोडून देणं.

म्हणून दुकान गाठलं. पोरगी सोबत.

"भाऊ, यात काही राह्यलं नाही आता. एक्स्चेंजमधी टाकून द्या, दीड हजार लावून देतो," दुकानदार म्हणाला. मग ५८,९९०चा एक चकचकीत लॅपटॉप पुढे केला. बारा हप्ते, बिनव्याजी. "महिन्याचे पाच हजार तं असेच जातात भाऊ, कळत बी नाही."

मला कळतात. तालुका वार्ताहराचं मानधन किती, हे इथल्या पत्रकार मित्रांना सांगायला नको. जाहिरातीच्या कमिशनवर घर चालतं.

"जीएसटी कमी झाला ना?" मी विचारलं. सप्टेंबरात मोठ्या टीव्हीवरचा, एसीवरचा २८चा १८ टक्के झाला. लॅपटॉपवर आधीच १८ होता, तो तिथेच राहिला. म्हणजे ज्यावर पोरगी अभ्यास करते आणि ज्यानं दिवाणखाना थंड होतो, दोघांना सारखाच कर. वरून रॅमचे भाव दिवाळीच्या आसपास चढले, कारण एआयच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते आणि चिप बनवणारे आधी त्यांचा माल काढतात. अमेरिकेत डेटा सेंटर बांधतात आणि आर्वीत पोरीचा लॅपटॉप महागतो.

पोरगी तोवर डबा वाचत होती. ती म्हणाली, "काका, याची रॅम पुढे वाढवता येते का?"

काकांनी डबा उलटा केला, सुलटा केला. "एआय रेडी" लिहिलं होतं. आवाज कोणत्या कंपनीचा, तेही होतं. रॅमबद्दल काही नव्हतं. नेटवर शोधलं, तर रॅम बोर्डालाच डाग देऊन बसवलेली निघाली. वाढत नाही. गेली तर सुटी बदलत नाही, बोर्डावरचं काम निघतं.

मी विचारलं, "बॅटरी कितीची मिळेल? स्क्रीन फुटली तर? अपडेट किती वर्षं येईल?"

"ते काही सांगता येत नाही भाऊ. कंपनीचं राह्यते ते."

दहा रुपयांच्या बिस्किट पुड्यावर तारीख असते. गोळ्यांच्या पाकिटावर असते, युरियाच्या गोणीवरसुद्धा कधी भरली ते लिहिलेलं असतं. साठ हजारांच्या वस्तूवर मात्र ती किती वर्षं जगेल हे कुठंच नाही. न घेता परत आलो. पोरगी रस्ताभर गप्प होती. तिच्या मैत्रिणीच्या घरी महिन्याभरापूर्वीच नवा आला होता.

त्याच आठवड्यात वर्ध्याला पत्रकार परिषद होती. ती दोन तास पुढे ढकलली गेली, म्हणून मगनवाडीत मगन संग्रहालयात जाऊन बसलो. जिल्ह्यात राहूनही आपण तिथं शाळेच्या सहलीनंतर जात नाही. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते ते सुरू झालं. ग्रामोद्योग संघाचं आणि कुमारप्पांचं काम याच मगनवाडीत चाललं. चरख्यांसमोर उभा होतो आणि कधीकाळी वाचलेली एक गोष्ट आठवली.

१९२९ साली अखिल भारतीय चरखा संघानं एक स्पर्धा जाहीर केली. घरगुती वापराचा उत्तम चरखा बनवणाऱ्याला १ लाख रुपये बक्षीस. १९२९चे १ लाख! अटी काय होत्या बघा. यंत्र हलकं, सहज उचलून नेता येणारं हवं. खेड्यातल्या साध्या घरात हातानं किंवा पायानं चालावं. बाईला ८ तास चालवून फार थकवा येऊ नये. किंमत १५० रुपयांच्या वर नको. वेळोवेळी देखभाल करून किमान २० वर्षं चाललं पाहिजे. आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाता कामा नये.

बक्षीस कुणालाच मिळालं नाही. अटी इतक्या कडक होत्या. पण गरिबाच्या घरात जाणारं यंत्र कसं असावं याची एवढी सरळ यादी मी दुसरीकडे पाहिली नाही. वेग किती हे तर विचारलंच होतं, त्यासोबत आयुष्य किती आणि दुरुस्तीला किती, हेही विचारलं होतं.

घरी येऊन जुन्या लॅपटॉपला ती ५ टक्क्यांची अट लावली. नऊ वर्षांत एक बॅटरी २,४०० रुपये, कीबोर्ड १,५००, दोन चार्जर मिळून १,५००, बिजागरी १,६००. एकूण ७,०००. वर्षाला ७८० रुपये धरा. ३२,५००च्या मानानं अडीच टक्केसुद्धा नाही.

म्हणजे यंत्र पास झालं होतं! मे महिन्यातला आपला ४५ अंशांचा उन्हाळा, रोजची लाइट जाणं-येणं, पऱ्हाटीची धूळ, सगळं सोसून पास. त्याला नापास केलं ते एका तारखेनं, आणि ती तारीख २०१६ साली पैसे मोजताना मला कुणी सांगितली नव्हती.

मग ठरवलं की या अटी घेऊनच खरेदी करायची. तुमच्याही कामाला येईल म्हणून लिहितो.

१. "आय ५ आहे" यावर जाऊ नका, पिढी विचारा. आय ५-८२५०यू म्हणजे आठवी पिढी, आय ५-१०२१०यू म्हणजे दहावी. जुन्या आय ५पेक्षा नवा आय ३ कितीदा तरी सरस असतो.

२. एसएसडी हवीच. रॅम ८ जीबी किमान, १६ असेल तर पुढची काही वर्षं निघतात. ती डाग दिलेली आहे की बदलता येते, हे लेखी विचारा.

३. बॅटरी, कीबोर्ड, स्क्रीन या तिघांची किंमत घेण्याआधी विचारा. सांगता येत नसेल तर तेच उत्तर समजा.

४. सर्व्हिस कुठे? घरी येऊन की नागपूरला जाऊन? आर्वीकराला नागपूर म्हणजे एसटीनं अख्खा दिवस आणि बुडालेली एक बातमी.

५. जुना देणार असाल तर आतली डिस्क आधी काढून घ्या. फाइल डिलीट केली म्हणजे ती गेली असं नसतं.

शेवटी नागपुरातून रिफर्बिश्ड घेतला. कंपन्या तीन-चार वर्षं वापरून काढून टाकतात, ते ऑफिसचे लॅपटॉप असतात. आय ५, दहावी पिढी, १६ जीबी रॅम, ५१२ची एसएसडी, २६,००० रुपये, पक्कं बिल, एक वर्षाची दुकानाची हमी. मागचं झाकण साध्या स्क्रूवर उघडतं. रॅम निघते, बॅटरी निघते. दिसायला काळा, जाड, सरकारी. स्क्रीनवर एका कोपऱ्यात पांढरा ठिपका आहे. बॅटरी नव्यासारखी टिकत नाही. एक वर्षानंतर काय, तर नशीब. हे सगळं तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर माझ्यात आणि दुकानदारात फरक काय?

पोरगी पहिल्या दिवशी म्हणाली, "बाबा, हा तर तहसीलमधला वाटते." खरंय. मला वाईट वाटलं. बारावीच्या पोरीला नवी वस्तू हवी असते आणि तिचं काही चुकत नाही. पण तिला दाखवलं की वाचलेल्या ३३ हजारांत तिच्या पहिल्या वर्षाच्या खोलीभाड्याला हातभार लागतो. तिनं उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी त्यावर तिचं स्टिकर दिसलं, तेव्हा समजलो.

आणि जुना? त्याची हार्ड डिस्क काढून कपाटात कुलपात ठेवली. नवी छोटी एसएसडी टाकली आणि लिनक्स मिंट चढवलं, ते फुकट आहे. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहेच. प्रिंटर जोडायला दोन संध्याकाळी गेल्या, शिव्याही दिल्या. पण आधी बटण दाबून चहा ठेवायचो, आता चहाचं आधण यायच्या आत तो उघडतो. बचत गटाचा हिशेब आणि गल्लीचे फॉर्म त्यावर सुरू आहेत.

नाहीतर तो कुठे गेला असता? ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत, बनवणाऱ्यावर जबाबदारी आहे, सगळं कागदावर नीट आहे. तालुक्याला मात्र भंगारवाला काट्यावर तोलतो आणि बॅटरी घंटागाडीत जाते.

आता मुद्द्याचं. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१पासून दुकानात लॅपटॉपच्या किमतीशेजारी दुरुस्तीचे गुण लिहावे लागतात, १०पैकी किती. उघडायला सोपा का, सुटे भाग मिळतात का, केवढ्याला मिळतात, यावर ते गुण. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. २०२४मध्ये अशाच गुणांसाठी समिती नेमली, मे २०२५मध्ये तिचा अहवालही आला. भर मात्र आधी स्मार्टफोन आणि टॅबलेटवर आहे. लॅपटॉपची पाळी कधी?

माझी मागणी साधी आहे. डब्यावर तीन ओळी छापा. सुरक्षा अपडेट अमुक तारखेपर्यंत. सुटे भाग अमुक वर्षांपर्यंत. दुरुस्तीचे गुण १०पैकी इतके. यासाठी कारखाना काढायचा नाही, फक्त शाई लागते. शाळांना, ग्रामपंचायतींना जे संगणक सरकारी पैशातून घेतले जातात, त्यांच्या निविदेत तरी ही अट आजपासून टाकता येईल. १९२९ साली एका संस्थेला हे सुचलं होतं. आज सरकारला का सुचू नये?

हे पत्र खासदारांना पाठवतोय, ग्राहक पंचायतीच्या मित्रांनाही. तुम्ही दुकानात जाल तेव्हा एवढंच करा, पैसे काढायच्या आधी विचारा, "भाऊ, हा किती साल चालते, आन् बिघडला तं केवढ्यात दुरुस्त होते?" दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की दुकानदार कंपनीला विचारेल. आमच्या इथल्यानं परवा रस्त्यात गाठून सांगितलं, "तुमच्या पोरीनं विचारलं तेव्हापासून मी बी डबे वाचून राह्यलो भाऊ."