व्हाइटवॉटरच्या काठी

परदेशी जाऊन आलेल्या गृहस्थाने नायगाऱ्यावर चार पृष्ठे लिहावीत, असा आपल्याकडील जुना रिवाज आहे. नायगारा मीही पाहिला. परंतु आज वाचकांस ज्या स्थळी न्यावयाचे आहे, तेथे प्रपात नाही की देवालय नाही. इंडियाना राज्याच्या पूर्व सीमेवर रिचमंड नावाचे लहानसे गाव आहे. गावातून व्हाइटवॉटर नदीची खोल घळ गेलेली आहे, आणि त्या घळीत एका जुन्या पियानोच्या कारखान्याची उरलीसुरली विटांची इमारत उभी आहे. तेवढ्यासाठी शिकागोहून चार-साडेचार तास मोटारीचा प्रवास करावयाचा, हे ऐकून चिरंजीवांनी कपाळास आठ्या घातल्या. पण नातीचा हट्ट होता. ती पियानो शिकते, आणि त्या हिवाळ्यात तिच्या तोंडी एकच नाव होते, ते म्हणजे लिल हार्डिन.

कारखाना स्टार पियानो कंपनीचा. तिचीच गेनेट नावाची ध्वनिमुद्रिकांची शाखा होती, आणि ध्वनिमुद्रणाची खोली या घळीतच, आगगाडीच्या रुळांना लागून होती. गाडी धडधडत आली की गाणेबजावणे थांबवून ती जाईपर्यंत स्वस्थ बसावे लागे. तेथे १९२३ सालच्या एप्रिलच्या ५ व ६ तारखांस शिकागोहून जो ऑलिव्हर याचा सात जणांचा ताफा आला. सहा पुरुष आणि पियानोवर ही एक पंचवीस वर्षांची स्त्री. सर्वच कृष्णवर्णीय. ज्या इंडियानात त्या काळी कू क्लक्स क्लॅनचा जोर होता आणि ज्या कारखान्यात त्या संघटनेच्या तबकड्याही पैसे घेऊन काढून दिल्या जात, तेथेच या मंडळींनी दोन दिवसांत नऊ रचना वाजविल्या. जॅझ संगीताच्या इतिहासात त्या पायाचे दगड ठरल्या आहेत.

विजेचा मायक्रोफोन तेव्हा वापरात आला नव्हता. भिंतीतून बाहेर आलेल्या मोठ्या कर्ण्यासमोर सर्वांनी दाटीने उभे राहून वाजवावयाचे, आणि त्या कंपाने पलीकडील सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरणार. मोठ्या नगाऱ्याने सुई उडे, म्हणून तालवाल्यास लाकडी ठोकळ्यांवर भागवावे लागले. लुई आर्मस्ट्राँग नावाच्या तरुणाचे कॉर्नेट इतके बुलंद, की त्यास इतरांपासून दूर कोपऱ्यात उभे केले. तो किती केविलवाणा दिसत होता, ही आठवण पुढे लिलबाईच सांगत. स्वतः बाईंचा पियानो त्या तबकड्यांत जेमतेम ऐकू येतो. आमच्या नातीने कान लावून मला तो दाखविला: प्रत्येक मात्रेवर पडणारा भरीव आघात. घराच्या जोत्याकडे कोण पाहतो?

बाईंचा जन्म १८९८ चा, मेम्फिसचा. नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठात शास्त्रशुद्ध पाश्चात्त्य संगीत शिकलेली मुलगी. आईच्या मते ब्लूज म्हणजे अगदी हलके गाणे. १९१८ च्या सुमारास मायलेकी शिकागोस आल्या, आणि मुलगी एका वाद्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांस नवीन स्वरलिप्या वाजवून दाखवू लागली. तेथून ती वादकांच्या ताफ्यात गेली. पहिल्या दिवशी तिने विचारले, स्वर कोणता धरू, कागद कोठे आहे? तिला सांगण्यात आले की दोन टकटक ऐकू आल्या की वाजवावयास लाग. व्याकरण पढलेल्या विद्यार्थ्यास एकदम बाजारात उभे करून ‘बोल’ म्हणावे, तशातली ही गत; पण ती बोलली.

१९२४ मध्ये तिने लुईशी विवाह केला, आणि ऑलिव्हरच्या सावलीतून त्यास बाहेर काढले तेही तिनेच. १९२५ च्या नोव्हेंबरात शिकागोस ‘हॉट फाइव्ह’ या नावाने त्यांच्या तबकड्या निघू लागल्या. त्यांतील कित्येक रचना बाईंच्या. १९२७ सालची बार्बेक्यूवरील सुप्रसिद्ध रचना कोणाची, यावरून पुढे या पतिपत्नींत वाद माजला. १९३० मध्ये जिमी रॉजर्स या लोकप्रिय गायकास दोघांनी साथ केली; तबकडीवर दोघांचेही नाव छापले गेले नाही. १९३१ मध्ये दोघे विभक्त झाली. त्यानंतर डेका कंपनीसाठी बाई स्वतः गायिल्या. त्यांचे १९३६ चे ‘जस्ट फॉर अ थ्रिल’ हे गीत १९५९ मध्ये रे चार्ल्सने गाऊन घरोघर पोचविले. (शिकागोतच लुईबरोबर वाजविणारा टेडी वेदरफोर्ड हा पियानिस्ट पुढे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवीत असे, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.) मध्यंतरी बाई शिवणकलाही शिकल्या, आणि लुईसाठी त्यांनी पोशाख बेतला. १९७१ च्या जुलैत लुई वारला. ऑगस्टच्या २७ तारखेस शिकागोत त्याच्या स्मरणार्थ झालेल्या मैफलीत वाजवीत असतानाच बाई कोसळल्या व गेल्या.

परतल्यावर शिकागोच्या चव्वेचाळिसाव्या रस्त्यावरील त्यांचे घर आम्ही बाहेरून पाहिले. दगडी पायऱ्यांचे साधे घर. तेथे नातीने सहज विचारले, “आजोबा, गाणं एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, असं आपल्याकडे होतं का हो?”

मी उत्तर टाळले. वाचकांपाशी टाळत नाही. ज्या शाळेत मी तीस वर्षे संस्कृत शिकविले, तिच्या प्रार्थनेची चाल माझी म्हणून वार्षिक अंकात छापली जाते. शब्द माझे आहेत; चाल माझ्या थोरल्या भगिनीची, अक्काची आहे. माजघरात पेटीवर तिने ती एका दुपारी बसविली. चारचौघांत तिने वाजवू नये अशी वडिलांची शिस्त होती, म्हणून पहिल्या वर्षी तिचे नाव घातले नाही. पुढील वर्षी वडील नव्हते. तरीही घातले नाही. त्याला शिस्तीचे कारण देता येत नाही.

त्या रात्री अक्कास वाईस दूरध्वनी केला आणि हे सर्व लिहून छापावयास देणार असल्याचे सांगितले. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “लिही. आणि हेही लिही, की चाल मी पांढरी चारमध्ये बांधली होती. तुम्ही ती पांढरी एकमध्ये म्हणवून घेता. पोरांना खालचे स्वर लागतच नाहीत.”